चतुर्थीपर्यंत खोकायचं नाही

१० जानेवारी, शनिवार

घसा खवखवतोय. चौथ्यांदा खोकले तेव्हा सासूबाई माजघरातून म्हणाल्या, "अगो, आत्ता नको हं हे." जसं काही मी अर्ज करून मागवलाय.

बारा दिवस राहिले. २२ ला सिझर, अलिबागला, दुपारी बाराच्या सुमारास. माघी चतुर्थी, गणपतीच्या जन्माची वेळ. डॉक्टरबाई २९ म्हणत होत्या, एकोणचाळीस आठवडे पुरे होऊ देत म्हणून. सासूबाईंनी हात जोडले. अमोल म्हणाला, "बघा ना मॅडम, जमलं तर." बाई म्हणाल्या, अडतीस होतायत, पहिलंही सिझरच आहे, चालवून घेऊ.

आणि मी? मी हसले. सातवीला श्वसनसंस्था शिकवणारी बाई. शेवटच्या आठवड्यांत पोटातल्या बाळाची फुप्फुसं तयार होत असतात हे फळ्यावर लिहून दाखवणारी. हसले. नवरा खूश, सासू खूश, मग आपण कशाला वाकडं तोंड करा.

कोमट पाणी, मीठ. झोपते.

११ जाने., रवि.

अमोल रोह्याहून काल रात्री आला. आज संध्याकाळी परत, कंपनीत रात्रपाळी. जाताना माझ्या पोटावर हात ठेवून म्हणाला, "बाप्पा, अकरा दिवस दम धर." मला खोकला आला. त्याने हात काढून घेतला.

पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी. त्यामुळे लेकीच्या, ओवीच्या वेळी पालीला आईकडे होते, आता इथे. बाळंतिणीची खोली पंधरा दिवस आधीच तयार आहे. भिंतींना चुना, खिडकीला गोणपाट, कोपऱ्यात शेगडी. खोली "उबेला यावी" म्हणून रोज तिन्हीसांजेला ओवा, वेखंड, उदाची धुरी. मी त्या खोलीत झोपते. शेजारच्या पडवीत सुपारी सोलायचं काम चाललंय, त्याची धूळ वेगळी.

म्हटलं, धुरी थोडे दिवस बंद ठेवूया का? "धुराने कुणाला खोकला झालेला ऐकलाय का?" सासूबाईंनी विचारलं. ऐकलाय. पाठ्यपुस्तकात पण आहे. मी पदर नाकाला लावला.

१३ जाने., मंगळ.

रात्रभर बसून काढली. आडवं झालं की येतो. कोरडा होता, आज ओला वाटतोय.

एक गोष्ट कुणाला सांगता येत नाही म्हणून इथे. खोकलं की थेंब गळतात. दर वेळी. दिवसाला चार परकर. दोरीवरचे परकर बघून सासूबाई म्हणाल्या, "एवढी कसली गो धुणी?" घाम येतो म्हटलं. जानेवारीत.

आणि बाळ. खोकल्याची उबळ आली की पोट दगडासारखं होतं, मग ते आतून एक लाथ मारतं. त्यालाही वैताग आला असणार.

ओवीच्या वेळचं सिझर आठवतं. टाके घातल्यावर तिसऱ्या दिवशी साधी शिंक आली होती. उशी पोटाशी दाबून धरली तरी वाटलं, सगळं उसवलं. एक शिंक. आता हे असं खोकत टाके घालून घ्यायचे?

भीती वाटते. लिहून ठेवते, मला भीती वाटते.

१४ जाने., संक्रांत

दुपारी हळदीकुंकू. वीसेक बायका. मी पाटावर, काळी साडी, हलव्याचे दागिने, तोंडात खडीसाखर. सासूबाईंची आज्ञा: "चार बायकांत खोकू नको. लगेच गावभर होतं." खडीसाखर विरघळली की दुसरी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

सगळ्यांना २२ माहीत आहे. मला माहीत व्हायच्या आधी माहीत होती बहुतेक. "गणपतीच येणार हो घरात!" "नाव काय, विनायक का?" मुलगी झाली तर काय म्हणणार, कुणी बोललं नाही. गणपतीला दिवस ठरवून आणायचा आणि वर त्याने काय व्हायचं तेही आपणच सांगायचं.

शेवटची बाई पायरी उतरली आणि मी खोकले ते पाच मिनिटं. मोतिया साडी नेसलेली एकजण अंगणातून वळून बघत होती. सासूबाईंनी दार लावलं.

१५ जाने., गुरु.

ताप. काखेत ९९.८. सासूबाई म्हणाल्या, "हा ताप नव्हे, अंगातली कडकी." अडुळशाचा काढा, सुंठ-मध, छातीला गरम तेल. तेल चोळताना त्यांचा हात चांगला असतो, हे मान्य केलं पाहिजे. अर्धा तास चोळत होत्या. डोळे मिटून गणपतीचं काहीतरी पुटपुटत. माझ्यासाठी की २२ तारखेसाठी, कळलं नाही.

सुपारी सोलणारी पार्वती पडवीतून बघत होती. म्हणाली, "वयनी, डाक्टरला सांगलाव का? माज्या भावजयचा टाका असाच खोकून उसवला. परत शिवला. या खोकला बरा न्हाय."

सासूबाई: "तू सुपारी बघ गो."

पार्वती: "बघतंय. मी आपला सांगतंय."

१६ जाने., शुक्र.

डॉक्टरबाई दर शुक्रवारी श्रीवर्धनला बसतात. गेलो. रिक्षात सासूबाईंनी खडीसाखरेची पुडी माझ्या हातात दिली. मी घेतली.

वजन, बीपी, बाळाचे ठोके, सगळं ठीक. मग डॉक्टरबाईंनी मान वर न करता विचारलं, "सर्दी, खोकला, ताप?"

"नाही हो, घसा जरा बसलाय, हळदीकुंकवाला बडबड झाली ना," सासूबाई. एका दमात. पाठ केल्यासारखं.

गालात खडा होता. एक "आहे" म्हणायचं होतं. दोन अक्षरं. बाई लिहीत होत्या, मागे दारात सहा बायका ताटकळत उभ्या होत्या, आणि मी

मी मान हलवली. नाही अशी.

रिक्षात बसल्यावर सासूबाईंनी माझा पदर नीट केला. "शहाणी आहेस हो." इतकी लाज मला माझ्या पहिल्या नापास झालेल्या पेपरालाही वाटली नव्हती.

१७ जाने., शनि.

आईला फोन केला पालीला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हे बघ, तिथलं तिथे सांभाळून घे. आता घरच्यांचं मन कशाला मोडतेस? इथे देवळात माघीची तयारी चाललीये, मी तुझ्यासाठी अभिषेक सांगते."

म्हणजे तिकडूनही गणपतीच.

मला कुणीतरी "बाळे, डॉक्टरला फोन कर, मी येते" म्हणावं असं वाटत होतं. एवढंच हवं होतं. आई म्हणाली, आल्याचा रस घे.

१८ जाने., रवि.

अमोल आलेला. खोलीत आला, धुराने त्यालाच ठसका लागला. खिडकीवरचं गोणपाट काढलं, तेव्हा सासूबाई आल्या, परत लावलं गेलं. तो मध्ये उभा. मला म्हणाला, "चार दिवसांचा प्रश्न आहे, मेधा."

म्हटलं, चार दिवसांचा नाही, एका तासाचा आहे. टेबलावरच्या.

"डॉक्टर असतात ना तिथे."

"त्यांना माहीत नाही."

"मग आपण उगाच घाबरवायचं कशाला?"

बावीस लाखांच्या मशिनवर काम करतो हा माणूस. तिथे एक बटण कुणी न सांगता दाबलं तर घरी येऊन दोन दिवस बोलतो.

१९ जाने., सोम.

ओवीच्या आत्याचा ठाण्याहून फोन. ओवीने उचलला. काही विचारलेलं नसताना म्हणाली, "आई अजिबात खोकत नाही हं." आत्या हसली असेल. मला हसू आलं नाही.

"कुणी सांगितलं असं बोलायला?"

"आजीने. बाहेर सांगायचं नाही. बाप्पा येणार नाही मग."

पाच वर्षांची आहे. बालवाडीत "खोटं बोलू नये" म्हणतात रोज प्रार्थनेनंतर.

ताप नाही आज. कफ पिवळा. छातीत डावीकडे खालून शिट्टीसारखा आवाज. स्वतःच ऐकते रात्री.

२० जाने., मंगळ.

ठरवलंय. उद्या अलिबागला गेल्यावर सांगायचं. सासूबाई खोलीत नसताना सिस्टरला सांगायचं.

ठरवायला काय, शाळेत दर जूनमध्ये ठरवते की यंदा हस्ताक्षर तपासणी वेळेवर करायची.

२१ जाने., बुध. अलिबाग

सकाळी दिघीहून फेरीबोट, पलीकडे आगरदांडा, मुरूड, मग हे. गाडीत मी, अमोल, सासूबाई. ओवीला शेजारी ठेवली. बोटीत वाऱ्यावर बरं वाटलं, सबंध खाडी ओलांडेपर्यंत एकदाही खोकले नाही. सासूबाई म्हणाल्या, "बघ, त्याची इच्छा असली की होतं." धूर नाही, धूळ नाही म्हणून झालं. पण श्रेय त्याचं.

संध्याकाळी दाखल झाले. सिस्टर फॉर्म भरायला आली. नाव, वय, ॲलर्जी, आधीची ऑपरेशनं. खोकला-ताप? सासूबाई खुर्चीत. अमोल खिडकीशी. "नाही," दोघांनी एकदमच सांगितलं.

ठरवलं होतं ते ठरवलेलंच राहिलं.

रात्री दहानंतर काहीही तोंडात घालायचं नाही, पाणीसुद्धा विचारून. सिस्टरने दोनदा बजावलं.

२२ जाने., गुरु. माघी चतुर्थी

सगळं लिहिते.

पहाटे पाचला उबळ. सासूबाईंनी पिशवीतून डबी काढली, सुंठ-मधाचं चाटण. "उपास आहे माझा," म्हटलं. "औषध उपासाला चालतं." बोट तोंडात. खोकला थांबावा असं मलाही वाटत होतं. चाटलं.

नऊला त्यांनी स्टुलावर पाट मांडला, चांदीचा गणपती, दुर्वा, तिळाच्या लाडवांचा नैवेद्य. आरती हळू आवाजात. मग तीर्थ. मग लाडू, अख्खा. मी मान फिरवली. "प्रसाद आहे गो. प्रसाद म्हणजे का खाणं? आजच्या दिवशी त्याला नाही म्हणतेस?" अमोल म्हणाला, "घे ना, एवढासा तर आहे." एवढासा नव्हता. घरच्या लाडवांचा आकार मला माहीत आहे.

खाल्ला. होय, खाल्ला. भूक लागली होती, हेही खरं.

सव्वादहाला भुलीचे डॉक्टर आले. वयस्कर, शांत, घाईत नसलेले. "काही खाल्लंय?"

"काही नाही, काल रात्रीपासून कडकडीत," सासूबाई. आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या लेखी चाटण हे औषध आणि लाडू हा प्रसाद. त्यांच्या हिशेबात मी उपाशीच होते. तेव्हा मला खरी भीती वाटली. खोटं बोलणारा माणूस कधीतरी थांबतो.

"खोकला वगैरे?"

"नाही."

त्यांनी स्टेथो पाठीवर टेकला. म्हणाले, मोठा श्वास घ्या. घेतला आणि उबळ आली. अशी, की बेड हलला. डोळ्यांतून पाणी. डॉक्टरांनी स्टेथो काढला नाही. माझ्याकडे बघितलं. सासूबाईंकडे नाही, माझ्याकडे.

"किती दिवस?"

आणि मग मी सगळं सांगितलं. तेरा दिवस. ताप. पिवळा कफ. धूर. शुक्रवारी मान हलवली तेही. पहाटेचं चाटण, नऊचा लाडू, तीर्थ दोन पळ्या. एकदा तोंड उघडल्यावर थांबताच येईना. अमोल "मेधा, मेधा" करत होता.

डॉक्टर सासूबाईंना म्हणाले, रागावून नाही, समजावून, "आजी, पाठीत सुई देऊन हिला सरळ झोपवल्यावर ही अशी खोकली तर आम्ही सुरी कुठे चालवायची? आणि पूर्ण भूल द्यायची वेळ आली तर पोटातला लाडू वर येऊन फुप्फुसात जाईल. मग बारा वाजता काय होईल ते मी सांगू शकत नाही."

आज रद्द. सलाईनमधून औषध, नाकाला वाफ, दोन दिवस इथेच. बाळ व्यवस्थित आहे. नवी तारीख २९. जी आधी होती ती.

बारा वाजता खोलीत आम्ही तिघं. अमोलचा फोन वाजला, मग सासूबाईंचा. घरच्या ग्रुपवर मोरया-मोरया सुरू. एकाने पाळण्याचं चित्र टाकलं. सासूबाईंनी फोन उलटा केला, तो थरथरत स्टुलाच्या कडेपर्यंत गेला, लाडवांच्या डब्याला लागून थांबला. त्यांचं तोंड इतकं लहान झालं होतं. मला वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचा रागही आला.

२३ जाने., शुक्र.

वाफ दिवसातून चारदा. छाती सुटतेय. सात तास झोपले, आडवी. कितीतरी दिवसांनी.

डॉक्टरबाई आल्या. "गेल्या शुक्रवारी का नाही सांगितलंत?" मी चादर सारखी केली. "तुम्ही शिकलेल्या आहात." हो. त्याचाच तर त्रास आहे.

धुरी बंद, म्हणाल्या. चिठ्ठीवर लिहून द्या म्हटलं. त्यांनी खरंच लिहून दिलं: "धूर, धुरी, शेगडी नको." औषधांच्या खाली, नंबर घालून.

२४ जाने., शनि. घरी

येताना बोटीत गावचे एकजण भेटले. माझ्या पोटाकडे बघितलं, मग हाताकडे, बाळ कुठे म्हणून. "अजून नाही?"

सासूबाई: "भुलीचे डॉक्टर अचानक गावाला गेले. काय करणार."

तो बिचारा शांत म्हातारा. त्यालाही पळवून लावला.

खोलीत शेगडी नाही. गोणपाटही काढलंय. कुणी काढलं माहीत नाही, विचारलं नाही.

२५ जाने., रवि.

सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. जेवण वेळेवर, ऊन-ऊन, तूप वाढून. पण निरोप ओवीमार्फत. "आईला सांग, भात निवेल." मी समोरच बसलेली.

दुपारी अमोलचा स्फोट. "तुला अर्धा तास गप्प बसता आलं नाही. आईने वर्षभर चतुर्थ्या धरल्यान. सगळ्यांसमोर तिला खोटं पाडलंस."

म्हटलं, "मी टेबलावर गुदमरले असते तर तुझी आई खरी ठरली असती का?"

"असं अभद्र बोलू नको."

"अभद्र बोलायचं नाही, करायचं चालेल."

तो वाडीत निघून गेला, पोफळींना पाणी लावायला. पाणी सकाळीच लावलेलं होतं.

संध्याकाळी रोह्याला जाताना दारात थांबला. काहीतरी म्हणायचं होतं त्याला. "औषध घेत्येस ना वेळेवर?" एवढं म्हणाला. हो म्हटलं.

२६ जाने., सोम.

शाळेत झेंडावंदन असेल. पाच वर्षांत पहिल्यांदा नाही गेले.

दुपारी सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी समोरून गेले, खोकले. एकदाच. त्या ताटाकडे बघत बोलायला लागल्या. तीन दिवसांनी पहिल्यांदा, ओवीशिवाय.

"माझी तीन बाळंतपणं याच खोलीत झाली. मधल्या वेळी असाच खोकला होता. मला विचारलंन का कुणी? खोकत खोकत बाळंत झाल्ये. दुसऱ्या दिवशी दोन माणसांचा स्वयंपाक नव्हता, अकरा माणसांचा होता."

मी उभी. काय म्हणायचं? वाईट झालं म्हणायचं? झालंच वाईट. क्षणभर मला त्यांच्याजवळ बसावंसं वाटलं.

मग त्या म्हणाल्या, "आम्ही काय मेलो?"

बसले नाही. तुम्ही नाही मेलात म्हणून मी करून बघायचं, असं काही असतं का? त्यांना कुणी विचारलं नाही याचा राग त्यांनी ज्यांच्यावर काढायला हवा होता ते सगळे भिंतीवर फोटोत आहेत. राहिले मी.

२७ जाने., मंगळ.

औषधाचा कोर्स संपत आला. खोकला दिवसातून सात-आठदा. कफ पांढरा. डॉक्टरबाईंना फोन केला, स्वतः. "उतरतोय ना, मग होईल. पण छाती साफ लागली तरच घेऊ हं. नाहीतर आणखी आठवडा बघू. कळा सुरू झाल्या तर लगेच निघायचं." लगेच म्हणजे कसं? रात्री फेरी नसते. माणगावच्या रस्त्याने, वळणावळणाने, पोटावर आधीचा जुना टाका.

आणखी आठवडा.

आणखी आठवडा या घरात. ओवीमार्फत भात. माझ्या खोकल्याला कान लावून बसलेलं घर. तेव्हा खोकू नये म्हणून कान, आता कधी थांबतो म्हणून. काल शेजारची विचारून गेली, "काय हो, घटका टळली ना?" सासूबाई म्हणाल्या, "एकादशीला होईल आता." म्हणजे २९ लाही देव सापडला. बरं झालं. निदान तारखेला तरी माफी मिळाली.

मला नाही.

२८ जाने., बुध. अलिबाग

परत तीच बोट, तीच खोली, चादर वेगळी. खोकला दिवसभरात दोनदा. रात्रीचं एकदाही नाही अजून. सासूबाईंनी या वेळी पिशवीत डबी आणली नाही. मी तपासली, त्या खाली चहाला गेल्या तेव्हा. सुनेने सासूची पिशवी तपासायची. कुठे येऊन पोचलो.

अमोल कॉटच्या पायाशी बसून माझे पाय दाबत होता. न सांगता. म्हणाला, "या वेळी होऊन जाऊ दे गं." आवाज रडवेला. तोही थकलाय. सगळेच थकलोय. माझ्या एका छातीवर चार माणसं टांगलेली आहेत, पोटातलं धरून पाच.

बाळ आज कमी हलतंय. सिस्टरने ठोके ऐकवले, ठीक आहे म्हणाली. जागा उरली नाही त्याला, म्हणाली.

२९ जाने., गुरु.

सकाळी सव्वासात. रात्री दहापासून काहीही नाही, खरोखरचं काही नाही. सासूबाईंनी गणपती काढला, नुसतं फूल वाहिलं, तीर्थही दिलं नाही. स्वतःही चहा घेतला नाही.

पहाटे बाथरूममध्ये खोकले. चारदा. शेवटचा खोलवरून आला. नळ मोठा सोडला होता. बेसिनमध्ये बघितलं. पांढरा. बराचसा पांढरा. उजेड कमी होता.

बाहेर आले तर सासूबाई जाग्या, उशाला टेकून. नजर माझ्या तोंडावर. कितीतरी दिवसांनी बोलल्या, थेट माझ्याशी: "बरं वाटतंय ना गो?"

"हो," म्हटलं.

आत्ता सिस्टर फॉर्म घेऊन आली. नाव, वय, शेवटचं खाणं कधी. मग, "खोकला?"

या वेळी कुणी मध्ये बोललं नाही. सासूबाई हातातल्या फुलाकडे बघत होत्या. अमोल माझ्याकडे. मी सिस्टरकडे बघितलं. मला घरी परत जायचं नाही, एवढं एकच डोक्यात होतं. बाळाचं नाही, टाक्यांचं नाही. त्या घरात आणखी आठ दिवस बसायचं नाही, एवढंच.

"नाही," मी म्हणाले. कुणी शिकवलेलं नसताना.

तिने खूण केली आणि गेली. अमोलने सुस्कारा सोडला. सासूबाईंनी माझ्या कपाळावर हात ठेवला, गार हात, आणि ठेवूनच दिला.

घशात खवखवतंय. भुलीचे डॉक्टर साडेआठला येतात, असं सिस्टर म्हणाली. तेच म्हातारे. ते मलाच विचारतील.